हरण्याला पुनर्बांधणी म्हणू नका

गेल्या वर्षी अमेरिकन बास्केटबॉलवरच्या एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करताना मी 'टँकिंग' या शब्दापाशी अडले. पुढच्या वर्षी उत्तम नवा खेळाडू पदरात पडावा म्हणून संघाने या वर्षी ठरवून हरायचं, याला तिकडे टँकिंग म्हणतात. मी लिहिलं, 'मुद्दाम हरणं'. संपादकांनी ते खोडून 'पुनर्बांधणी' केलं. तुमचा शब्द फार आरोप करतो, असं त्यांचं म्हणणं. मूळ शब्दही आरोपच करतो, असं माझं. शेवटी तडजोड झाली आणि 'टँकिंग' देवनागरीत जसंच्या तसं छापलं गेलं. ती तडजोड मला अजून बोचते. पुनर्बांधणी हा चांगला शब्द आहे. भूकंपानंतर, पुरानंतर माणसं जे करतात त्याला आपण पुनर्बांधणी म्हणतो. स्वतःच्या घराचे वासे स्वतः काढून विकणाऱ्याने तो वापरावा, हे मला मान्य नाही.

आधी ही हार फायद्याची का ठरते ते सांगायला हवं. एनबीएमध्ये तीस संघ आहेत. नवे खेळाडू आपल्या मर्जीने संघ निवडत नाहीत. संघ त्यांना क्रमाने निवडतात, आणि वर्षभर जो वाईट खेळला त्याला आधी निवडायला मिळतं. हेतू भला आहे : दुबळ्याला हात द्यायचा. पण हात मिळतो तो हरल्याबद्दल, म्हणून लोक हरू लागले. त्यावर उपाय म्हणून 1985 मध्ये सोडत आली. आज बाद फेरी हुकलेले चौदा संघ सोडतीत असतात. चौदा चेंडूंतून चार काढतात, आणि त्यांच्या हजार जोडण्यांपैकी कुणाच्या नावावर किती, हे वर्षभराच्या निकालावरून ठरतं. सगळ्यात वाईट संघाला पूर्वी पहिल्या क्रमांकाची 25 टक्के संधी असे. 2019 पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 टक्के आहे. शिवाय तिथे युरोपातल्या फुटबॉलसारखी खालच्या गटात घसरण्याची भीती नाही. तळाला गेलेल्या संघाचं घर, नाव, प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा, सगळं शाबूत राहतं.

मुद्दाम हरण्याच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो मूर्खपणाचा नाही. बास्केटबॉल पाच जणांचा खेळ आहे. अकरांच्या क्रिकेटमध्ये एक थोर फलंदाज जेवढा फरक पाडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक इथे एक थोर खेळाडू पाडतो. असा खेळाडू लहान शहरात आपणहून क्वचितच येतो. मग दरवर्षी मधल्या जागी रखडत, ना विजेतेपद ना पहिली निवड, अशा अवस्थेत झिजण्यापेक्षा दोन-तीन वर्षं तळाशी काढावीत. शेतकरी नाही का जमीन पड ठेवत? फिलाडेल्फियाजवळ राहणारा माझा भाचा हे मला पहिल्यांदा समजावून सांगत होता तेव्हा तो बारा वर्षांचा होता. "मावशी, या वर्षी आपण हरलो तरच पुढे जिंकू," असं तो अगदी शहाण्यासारखा म्हणाला. तेव्हा मला ते पटलं होतं, हे कबूल करते.

पुढे मी तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकलेली एकुलती एक गोष्ट केली. दोन संहिता शेजारी ठेवल्या आणि वाचल्या. योगायोगाने त्या एकाच उन्हाळ्यात लिहायला घेतलेल्या होत्या.

2013 च्या उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावरच्या दोन शहरांनी आपापले संघ मोडले. फिलाडेल्फियाचे नवे व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी त्याच वर्षी ऑल-स्टार झालेल्या जरू हॉलिडेला देऊन नर्लन्स नोएल हा गुडघा दुखावलेला तरुण आणि भविष्यातली एक निवड घेतली. नोएल अख्खा हंगाम खेळणार नव्हता, आणि ते चालणार होतं. तिकडे बॉस्टनने पॉल पियर्स आणि केव्हिन गार्नेट हे आपले उतारवयातले मोहरे ब्रुकलिनला दिले, त्यांच्या बदल्यात पुढच्या वर्षांतल्या निवडी घेतल्या, आणि ब्रॅड स्टीव्हन्स या छत्तीस वर्षांच्या, कॉलेजच्या संघांना शिकवणाऱ्या माणसाला प्रशिक्षक केलं.

इथवर दोन्ही कथा सारख्या आहेत. मोडणं ही दोघांचीही गरज होती आणि मोडण्याला माझा विरोध नाही. फरक पुढच्या वाक्यापासून पडतो.

फिलाडेल्फियाने पहिल्या वर्षी 82 पैकी 19 सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी 18, तिसऱ्या वर्षी 10. तीन वर्षांत 47 विजय आणि 199 पराभव. पहिल्या हंगामात सलग 26 सामने गेले. पुढे 2015 मध्ये दोन हंगामांना जोडून सलग 28. या काळात संघात जो कुणी थोडा बरा खेळू लागे त्याला विकून आणखी निवडी घेतल्या जात. मायकेल कार्टर-विल्यम्सला 2014 मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला आणि 2015 च्या फेब्रुवारीत तो दुसऱ्या संघात होता. लोक याला 'द प्रोसेस' म्हणू लागले. प्रक्रिया! त्या शब्दावर विश्वास ठेवा, ही तिथे घोषणाच झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये हिंकी यांनी तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला.

बॉस्टननेही पहिल्या वर्षी फक्त 25 सामने जिंकले. पण दुसऱ्या वर्षी 40, मग 48, मग 53, आणि पूर्व विभागात पहिला क्रमांक. या चढाचा नायक होता आयझेया थॉमस, 2011 च्या निवडीत साठांपैकी साठावा. दोन संघांनी हातातून सोडलेला हा बुटका खेळाडू बॉस्टनला 2015 च्या फेब्रुवारीत मिळाला, आणि दोन वर्षांनी तो सामन्यामागे जवळपास 29 गुण करत होता.

विरोधक इथे हसतील. बॉस्टनलाही हारेचंच फळ मिळालं की! बरोबर आहे, पण ती हार ब्रुकलिनची होती. ब्रुकलिनच्या निवडीतून 2016 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन आला. 2017 मध्ये तर पहिला क्रमांकच बॉस्टनच्या हातात होता. त्यांनी तो कुणाला दिला? फिलाडेल्फियाला. बदल्यात तिसरा क्रमांक आणि आणखी एक निवड घेतली. फिलाडेल्फियाने पहिल्या क्रमांकावर मार्केल फुल्ट्झ निवडला, तो पहिल्या वर्षी चौदा सामने खेळला आणि दीड वर्षात दुसरीकडे गेला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. ब्राउन आणि टेटम ही मुलं आपापल्या पहिल्याच वर्षी विभागाच्या अंतिम फेरीत खेळली, कारण ती ज्या घरात आली तिथे जिंकण्याची रीत चालू होती. 2024 मध्ये याच दोघांच्या जोरावर बॉस्टनने अठरावं विजेतेपद घेतलं. दरम्यान 2018, 2020 आणि 2023 असं तीनदा बाद फेरीत त्यांनी फिलाडेल्फियाला घरी पाठवलं.

फिलाडेल्फियाला जोएल एम्बीड मिळाला, हे खरं. 2014 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला हा खेळाडू दुखापतीमुळे पहिली दोन वर्षं खेळूच शकला नाही, पण 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे योजनेला जो हवा होता तो हिरा सापडला. तरीही 2013 नंतरच्या बारा हंगामांत त्या संघाला विभागाची अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही. हिरा सापडूनही कोंदण नव्हतं, कारण कोंदण घडवणारे कारागीर आधीच विकले होते.

आता ओक्लाहोमा सिटी. 2025 चे विजेते. मधल्या काळात त्यांनीही 22 आणि 24 विजयांचे हंगाम काढले, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये मेम्फिसकडून 73 गुणांनी हरले. एवढ्या फरकाने एनबीएत कधीच कुणी हरलं नव्हतं. मुद्दाम हरणाऱ्यांचा आज हाच मोठा पुरावा आहे. पण विजेत्या संघाचे खांब मोजा. शे गिल्जस-अलेक्झांडर 2019 मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात आला. जेलन विल्यम्स बाराव्या क्रमांकावर, तीही त्याच सौद्यातली निवड. ल्यू डॉर्टला तर कुणी निवडलंच नव्हतं. हारेची कमाई म्हणावी असा चेट होल्मग्रेन, 2022 चा दुसरा क्रमांक. चार खांबांतला एक. उरलेले पारखीने, शिकवण्याने आणि चांगल्या सौद्याने उभे राहिले.

टिम डंकनचीही आठवण काढली जाते. 1996-97 मध्ये डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी असल्याने सॅन अँटोनियोने 20 सामने जिंकले, सोडत लागली, डंकन आला आणि त्याने पाच विजेतेपदं दिली. पण त्याच वर्षी डंकनवर डोळा ठेवून बसलेल्या बॉस्टनने फक्त 15 सामने जिंकले होते. त्यांना तिसरा आणि सहावा क्रमांक मिळाला. जास्त हरणाऱ्याला जास्त मिळत नाही, हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. 2023 आणि 2024 मध्ये सगळ्यात जास्त हरलेला संघ डेट्रॉइट होता, 2025 मध्ये युटा. तिन्ही वेळा त्यांना पाचवा क्रमांक मिळाला, म्हणजे तळाच्या संघाला मिळू शकणारा सर्वांत वाईट. 2025 ची सोडत डॅलसला लागली, आणि त्यांची संधी होती 1.8 टक्के. आता दुसऱ्या बाजूने पाहा. 2023 च्या विजेत्या डेन्व्हरचा निकोला योकिच 41 वा, 2021 च्या विजेत्या मिलवॉकीचा यानिस 15 वा, 2019 च्या विजेत्या टोरोंटोचा कवाय लेनर्ड 15 वा, पास्कल सियाकम 27 वा, आणि फ्रेड व्हॅनव्हलीट निवडलाच न गेलेला.

डेट्रॉइटने 2023-24 मध्ये सलग 28 सामने गमावले आणि 14 जिंकले. पुढच्याच हंगामात 44 जिंकले. मधल्या उन्हाळ्यात सोडत लागली नव्हती. नवा प्रशिक्षक आला आणि टोबायस हॅरिससारखे काही अनुभवी, फारसे गाजावाजा नसलेले खेळाडू आले, ज्यांना चौथ्या सत्रात पाच गुणांनी मागे असताना काय करायचं ते माहीत होतं. 2021 चा पहिला क्रमांक केड कनिंगहॅम त्या संघात आधीपासून होताच. तो असताना संघाने 23, मग 17, मग 14 सामने जिंकले होते. त्याला शेजार मिळाला तेव्हा त्याचा उपयोग झाला.

पड जमिनीच्या उपमेलाही उत्तर देते. जमीन पड ठेवणारा शेतकरी तिला नांगरतो, तण काढतो, बांध राखतो. शिवाय तो त्या पडीत उगवलेल्या गवताला पीक म्हणून बाजारात तिकीट लावून विकत नाही.

या साऱ्यात खेळाडू हरत नाहीत, हे नीट लक्षात घ्यायला हवं. मैदानावरचा मुलगा जीव तोडूनच खेळतो, कारण पुढच्या वर्षीचा करार त्यावर अवलंबून असतो. हरणं वर काचेच्या खोलीत ठरतं आणि खाली त्या मुलाच्या नावावर लागतं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून बॅडमिंटनच्या चार जोड्या मुद्दाम वाईट खेळल्या, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि चीन, दक्षिण कोरिया व इंडोनेशियाच्या त्या आठही खेळाडू बाद ठरल्या. एका सामन्यासाठी त्या बाद. तीन हंगामांसाठी व्यवस्थापक मात्र द्रष्टा! एनबीए कधीमधी दंड करते. 2023 मध्ये एका सामन्यात मुख्य खेळाडू बसवून ठेवल्याबद्दल डॅलसला साडेसात लाख डॉलर झाला. अब्जावधींच्या धंद्यात तो चहापाण्याचा खर्च.

उपाय माहीतच नाही, असंही नाही. अमेरिका-कॅनडातल्या महिलांच्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगमध्ये बाद फेरीची आशा संपल्यानंतर जो संघ जास्त गुण मिळवतो त्याला पहिली निवड मिळते. दुबळा संघ लवकर बाहेर पडतो, म्हणून त्याला गुण मिळवायला जास्त सामने मिळतात. मदत दुबळ्यालाच, पण जिंकल्याबद्दल. असा नियम करायला एनबीएच्या मालकांना कुणी अडवलेलं नाही.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. एक हंगाम गेल्याचं मला काही वाटत नाही. मला आठवते ती 2014 च्या मार्चमधली शेवटची रविवारची सकाळ. तिकडे शनिवारची रात्र होती. सलग 26 हारींनंतर फिलाडेल्फियाने डेट्रॉइटला 123-98 असं हरवलं आणि व्हिडिओ कॉलवर भाचा सोफ्यावर उभा राहून नाचत होता. मग एकदम खाली बसला. कागद ओढला, काहीतरी आकडे मांडले आणि म्हणाला, "मावशी, हे जिंकायला नको होतं."

तो आज चोवीस वर्षांचा आहे आणि सामने बघत नाही. संपादकांना मी हे तेव्हा सांगितलं नाही, नुसती शब्दकोश काढून भांडत बसले. पुढच्या वेळी तो शब्द समोर आला तर 'मुद्दाम हरणं' असंच लिहीन, आणि खोडलं तर अनुवाद परत मागेन.