रसिकांचा पैसा आणि भिक्षेचा आक्षेप

एखाद्या स्वतंत्र वाद्यवृंदानें नव्या ध्वनिमुद्रिकेसाठीं रसिकांकडे आगाऊ पैसे मागितले, कीं आमच्या परभणीकडील सुशिक्षित मंडळी "ही तर भिक्षा!" म्हणून नाक मुरडतात. आम्हांस हा आक्षेप अज्ञानमूलक वाटतो. १९९७ सालीं मॅरिलियन या इंग्रज वाद्यवृंदाच्या अमेरिकेंतील दौऱ्यासाठीं रसिकांनींच सुमारें ६०,००० डॉलर जमविले. २००१ च्या मुद्रिकेची किंमत तर १२,००० हून अधिक लोकांनीं ती तयार होण्यापूर्वींच भरली. त्यामुळें मुद्रिकेची मालकी कंपनीकडे न जातां वाद्यवृंदाकडे राहिली. भिक्षेकऱ्यास मागाहून कांहीं द्यावयाचें नसतें. यांना द्यावयाचें होतें, आणि त्यांनीं तें दिलें.

बरें, हें विलायती खूळ म्हणावें, तर आमचे गोंधळी कोणाच्या पैशावर जगले? संबळ-तुणतुण्याचा खर्च कोणा कंपनीनें सोसला नाहीं. ज्याच्या घरीं लग्नानंतर गोंधळ घालावयाचा, तो यजमानच आधीं सुपारी देई. परभणीचे राजारामभाऊ कदम याच परंपरेंतले. त्यांचा अभिमान ही मंडळीहि मिरवितात! मग गोंधळ्याची सुपारी मानाची आणि वाद्यवृंदाची मात्र भिक्षा, हा कोठला न्याय? नाक मुरडणारांपैकीं कितीजणांनीं गेल्या दहा वर्षांत एक तरी ध्वनिमुद्रिका विकत घेतली, एवढें आम्हांस कळावें.