नकाशाच्या कडेला : सेंट किल्डा

मंडळी, या वेळी नकाशावर जरा बारकाईने बघा. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांच्याही पश्चिमेला, साठ-पासष्ट किलोमीटरवर, भर अटलांटिकात काही ठिपके दिसतील. हा सेंट किल्डाचा पुंजका : हिर्टा, डून, सोए आणि बोरेरे. जुन्या ज्वालामुखीचे हे अवशेष. हिर्टावरचा कोनाखर ४३० मीटर उंच, आणि खाली थेट समुद्र! झाड म्हणाल तर औषधालासुद्धा नाही.

गाव काय ते हिर्टावर. इथली माणसं जगली ती समुद्रपक्ष्यांवर. पुरुष दोराला लोंबकळत कड्यावरून उतरायचे आणि फुल्मार, गॅनेट पकडायचे. मांस पोटाला, तेल दिव्याला, पिसं जमीनदाराला खंड म्हणून. रोज सकाळी सगळे पुरुष रस्त्यात जमून दिवसाचं काम ठरवायचे. बाहेरचे लोक याला 'पार्लमेंट' म्हणत. आपल्याकडचा पारच की हा!

१८५२ साली जेमतेम ११० वस्तीतले ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. त्यातले बरेचसे वाटेतच दगावले. मागे राहिलेल्यांची बाळं धनुर्वाताने जात होती. पुढे पहिल्या महायुद्धात बेटावर नौदलाची तुकडी आली, बाहेरच्या जगाची ओळख वाढली आणि नंतर तरुण एकेक करून निघून गेले. आता दोर धरायला, होडी वल्हवायला हात लागतात, नाही का? जाणाऱ्याला वाटतं, आपण एकटेच चाललोय. आपणही गाव सोडून आलेले, म्हणून हे वाचताना मी जरा थबकलो.

१९३० मध्ये उरली होती फक्त ३६ माणसं. मे महिन्यात त्यांनीच सरकारला अर्ज केला : आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्टला 'हेअरबेल' जहाज त्यांना घेऊन निघालं. निघण्यापूर्वी घराघरात उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची छोटी रास ठेवली. कुत्री मात्र नेता येईनात. गळ्यात दगड बांधून ती बुडवली. हे लिहितानासुद्धा कसंसंच होतं.

जन्मात झाड न पाहिलेल्या या पुरुषांपैकी काहींना सरकारने नोकरी दिली ती जंगलखात्यात! त्या दिवशी निघालेल्यांपैकी शेवटच्या रेचल जॉन्सन २०१६ मध्ये, ९३व्या वर्षी वारल्या. बेट सोडलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

आज ही बेटं नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहेत आणि १९८६पासून जागतिक वारसायादीत. उन्हाळ्यात हॅरिस आणि स्कायहून बोटी जातात. पण समुद्र खवळला तर बेत रद्द, तेव्हा हाताशी एखादा जादा दिवस ठेवा. आणि हो, उलटीच्या गोळ्या विसरू नका.