न जुळणारा हॅश

सर्व्हर ऑडिटच्या नव्या तक्त्यात एक रकाना वाढला आणि आमच्याकडे तक्रारींची रीघ लागली. बूट पार्टिशनमधल्या प्रत्येक फाइलचा हॅश वितरकाच्या मूळ हॅशशी जुळतो का, ‘होय’ की ‘नाही’? कर्नलचा जुळतो. ‘रॅम डिस्क इमेज’चा जुळत नाही, आणि तिथे लाल शेरा पडतो. (२.६ कर्नल येऊन वीस वर्षे उलटली. आता तिथे रॅम डिस्क नसते, रूटएफएसमध्ये उलगडणारे सीपीआयओ आर्काइव्ह, म्हणजे इनिटरॅमएफएस, असते. तक्त्याला हे कोणी कळवायचे?)

जुळणार कसा? नेहमीच्या मांडणीत ही फाइल वितरक पाठवतच नाही. कर्नल बसताना ड्रॅकट किंवा अपडेट-इनिटरॅमएफएस ती त्याच मशीनवर बांधते. होस्टओन्ली असेल तर त्या मशीनपुरतेच ड्रायव्हर आत जातात. एका सर्व्हरला एनव्हीएमई, शेजारच्याला रेड कार्ड. दोन्हींच्या फाइली सारख्या निघाल्या तरच संशय घ्यावा. हे लेखी कळवले तर उत्तर येते, ‘मूळ हॅश जोडावा.’

आपल्यातल्याही काहींनी कमाल केली. एका सर्व्हरचा हॅश ‘मूळ’ म्हणून जोडला आणि दोन्हींचे हॅश सारखे दिसावेत म्हणून त्याची इमेज दुसऱ्यावर कॉपी केली. शेरा पुसला गेला. पुढच्या रीबूटला रूट डिव्हाइस सापडेना आणि सर्व्हर ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसला. अशांबद्दल आम्हाला सहानुभूती नाही.

ऑडिटरची भीती मात्र खोटी नाही. सिक्युअर बूटच्या नेहमीच्या साखळीत शिम ग्रबची सही तपासतो, पुढे कर्नलचीही तपासली जाते. इनिटरॅमएफएसला कोणी विचारत नाही. लक्सचा पासफ्रेज तर तिथेच टाइप होतो! खरा उपाय युनिफाइड कर्नल इमेज: कर्नल, इनिटरॅमएफएस आणि कमांड लाइन एकाच सही केलेल्या ईएफआय फाइलमध्ये. फेडोरा आणि रेड हॅट व्हर्च्युअल मशीनसाठी अशी तयार इमेज पॅकेजमधून देतात. तिचा हॅश वितरकाशी जुळवता येतो. तक्त्यात याचा उल्लेखही नाही.

तोवर इमेज बांधली की लगेच तिचा हॅश चेंज रिक्वेस्टमध्ये नोंदवा आणि ती नोंद मशीनबाहेर ठेवा. एलएसइनिटआरडीने आत काय गेले ते पाहा. रेस्क्यू इमेज जागेसाठी पुसू नका. आणि त्या रकान्यात खोटे ‘होय’ लिहू नका. ‘लागू नाही’ लिहा, खाली कारण द्या आणि त्याची एक प्रत आम्हाला पाठवा. सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही तक्ता काढणाऱ्यांकडे देऊ.