स्कॅनर घेतलात, आता तपासणीचे पैसे मागा

खोपोलीपासून नेरळपर्यंतच्या स्वतंत्र गॅरेजांना स्कॅनर आता नवा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि स्कॅनरवाचून गत्यंतर उरले नाही. काम मात्र पुष्कळदा जुन्याच रीतीने चालते. कोड वाचायचा, त्यात ज्या सेन्सरचे नाव येईल तो बदलायचा, दिवा घालवून गाडी सोडायची. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो आणि मिस्त्रीचे नाव खराब होते.

पी०१७१ हा कोड घ्या. मिश्रणात इंधन कमी पडते आहे, एवढेच तो सांगतो. कारण आपणच शोधायचे असते. ऑक्सिजन सेन्सरला हात लावण्याआधी लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम पाहा. आयडलिंगला ट्रिम अधिक वीस टक्क्यांच्या आसपास असेल आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेकचा पाइप, गॅस्केट, व्हॅक्यूम होज तपासा. बाहेरची हवा आत शिरत असणार. रेस दिल्यावर ट्रिम आणखी वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब मोजा. सेन्सर बहुतेक वेळा खरेच सांगत असतो.

डिझेलचे दुखणे अधिक गंभीर आहे. कर्जत-कडाव-कशेळे अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफमधली काजळी जाळायला लागणारी सलग धाव गाडीला मिळत नाही. मग ग्राहक म्हणतो, फिल्टरच काढून टाका. फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देणारे आपल्यात आहेत, आणि हे बंद झालेच पाहिजे. तो धूर आपल्याच गावातली मुले श्वासात घेतात. प्रेशर सेन्सरच्या नळ्या, ईजीआर, इंजेक्टर तपासा, स्कॅनरवरून रिजनरेशन करा, आणि गाडी अधूनमधून हायवेवर सलग चालवायला हवी हे मालकाला समजावून सांगा.

आता फार्महाउसवर आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीकडे या. उंदराने वायर कुरतडलेली. शोधायला दोन तास, जोडायला दहा मिनिटे. बिलावर लिहायचे काय? वस्तू दिसली की ग्राहक पैसे देतो, डोके लावून शोधलेला दोष त्याला फुकट वाटतो. म्हणून आपण सेन्सर विकत बसतो. तपासणीची रक्कम बॉनेट उघडण्याआधी सांगा. काय मोजले ते आकड्यांसह लिहून द्या. त्याने काम दुसरीकडे करून घेतले तरी ती रक्कम आपल्या हक्काची आहे. स्कॅनरचे अपडेट आणि पोरांचे प्रशिक्षण यांचा खर्च त्यातूनच निघायचा आहे.

माहितीही मागायला शिका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, असेही बजावले. दंडाचा वाद वरच्या न्यायालयांत गेला. पण दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू केले. वायरिंग डायग्रॅम हवा असेल तर कंपनीकडे लेखी मागणी करा. नकार आला तर तोही लेखी घ्या.

इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला मात्र प्रशिक्षण आणि हजार व्होल्टचे हातमोजे असल्याशिवाय कुणी हात लावू नये, ग्राहक कितीही घाईत असला तरी. ते प्रशिक्षण आणि चांगला ऑसिलोस्कोप एकेकट्याला परवडत नसेल, तर कर्जत-खोपोलीच्या चार-पाच गॅरेजांनी मिळून खर्च उचलावा आणि पावसाळ्याआधी कामाला लागावे.