सनद मिळाली, जमीन गेली

मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो तरी जन्मभर जमिनीचे दावे चालवलेला वकील स्वस्थ बसत नाही. मुलगा सनीव्हेलला राहतो. शेजारच्या मॉफेट फील्डवर विमानांचे अवाढव्य हँगर उभे आहेत. ती जमीन एके काळी लोपे इनिगो या ओलोनी आदिवासीची होती. सांता क्लाराच्या मिशनमध्ये आयुष्य काढलेल्या या माणसाला तेव्हाच्या मेक्सिकन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर मिचेलतोरेना यांनी 1844 मध्ये ‘रांचो पोसोल्मी’ बहाल केले. मिशने मोडीत निघाल्यावर त्यांच्या जमिनीतला वाटा खरे तर मूळ रहिवाशांना मिळायचा होता. बहुतेक जमीन वजनदार घराण्यांनी लाटली. इनिगोसारखे अपवाद थोडेच.

त्या काळचे कागद पाहून आपल्या मोजणीदाराला घाम फुटेल. चतुःसीमा म्हणजे ओढा, टेकडी, ओकचे झाड. सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यावर झाडेसुद्धा चितारलेली. मोजणी दोन घोडेस्वारांची. पन्नास ‘वारा’ (स्पॅनिश माप) लांबीचा, म्हणजे सुमारे 137 फुटांचा दोर, दोन्ही टोकांना खुंट. एकाने खुंट धरून थांबायचे, दुसऱ्याने घोडा पुढे दामटायचा. दवाने दोर सैलावायचा, उन्हात आखडायचा. कुणाचे फारसे बिघडत नव्हते. गुरे मोकाट चरत, आणि विकायचे ते कातडी नि चरबी.

कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून घेताना झालेल्या 1848 च्या तहात अमेरिकेने इथल्या मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेला अभय दिले. तीनच वर्षांनी कायदा केला: प्रत्येक धारकाने दोन वर्षांत आयोगापुढे दावा लावून हक्क शाबीत करावा, नाहीतर जमीन सरकारजमा. दावे आले 813, मंजूर झाले सहाशेहून अधिक. हा आकडा पुढे करून आयोग न्यायी होता असे सांगणारे आहेत. मला ते साफ अमान्य आहे. आयोगाने हो म्हटले की सरकार अपिलात जायचे, मग फेरमोजणी, मग हरकती. सनद हाती पडायला सरासरी 17 वर्षे. तोवर वकील फीपोटी जमीनच घेत (आमच्या धंद्याची ख्याती सर्वत्र सारखीच), सावकाराचे व्याज चढे, आणि शेतात घुसखोर तंबू ठोकून बसत. इनिगो 1864 मध्ये वारला. पोसोल्मीची 1,696 एकरांची सनद निघाली 1881 मध्ये, आणि तिच्यावर त्याच्या नावाबरोबर आणखी दोघांची नावे.

कॅलिफोर्नियातला तो आयोग बसला 1852 मध्ये. त्याच साली मुंबई इलाख्यात इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले आणि आपले इनामदार जुन्या सनदा हुडकू लागले. दोन्हीकडे मेख एकच: पुराव्याचा बोजा कसणाऱ्या, वहिवाटणाऱ्या माणसावर. एकदा तो टाकला की निकाल कुणाच्या बाजूने लागतो याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून मंजूर दाव्यांची यादी छापणाऱ्यांनी शेजारी आणखी एक रकाना जोडावा: सनद निघाली त्या दिवशी जमीन कुणाच्या कब्जात होती.