सुईदोरा : वेल्डरची टोपी घरी शिवताना

मैत्रिणींनो, या पानावर आजवर झबली झाली, कळीचे परकर झाले, पडद्यांच्या झालरी झाल्या. आज एक टोपी शिवायची आहे. बाळाची नव्हे, की लग्नातल्या जावईबापूंचीही नव्हे. वेल्डिंगचं काम करणाऱ्या माणसाची. तुम्ही म्हणाल, हे काय आता सुईदोऱ्यात? पण बारामती नि इंदापूर या दोन तालुक्यांत राहणाऱ्या बायकांना मी वेगळं काय सांगू! तुमच्यापैकी कितीजणींचा नवरा, दीर नाहीतर मुलगा हातात होल्डर धरून पोट भरतो, ते तुम्हालाच ठाऊक.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, असे सगळे साखर कारखाने आपल्या आसपास. गळीत संपलं की चार-सहा महिने दुरुस्तीचे, आणि दसऱ्याच्या आधी ऊस वाहायच्या ट्रॉल्यांना नि गाड्यांना डागडुजी. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तर साखर कारखान्यांची अख्खी यंत्रं घडली. २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ ज्या रॉकेटवर बसून वर गेलं, त्याच्या मोठ्या बूस्टरची लोखंडी अंगंसुद्धा तिथे तयार झाली. मोठ्या कारखान्यात कामगाराला डोक्यापासून पायापर्यंत सगळं मिळतं. रस्त्याकडेच्या दुकानात मात्र एक काळी काच मिळाली तरी नशीब. डोक्यावर काय घालायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. त्यांचे यजमान अशाच एका दुकानात वेल्डर आहेत. गेल्या वैशाखात एका रविवारी ते घरच्या गेटाची बिजागरी जोडत होते. डोक्यावर कुठल्याशा जाहिरातीची, फुकट मिळालेली चकचकीत टोपी. गेटाची वरची बाजू जोडताना लोखंडाचा थेंब उडाला तो नेमका टाळूवर. टोपीतून धूर आला, यजमान ओरडले, वहिनी ओट्यावरून धावत गेल्या आणि त्यांनी झटक्यात टोपी ओढून काढली. टोपीबरोबर रुपयाएवढी कातडीही आली.

ती जागा भरली, पण तिथे केस काही उगवले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, ठिणगीनं एवढं झालं नसतं हो. मीच सोललं त्यांना." मी त्यांना म्हटलं, तुमचा दोष नाही, टोपीचा आहे. त्यांना ते पटलं नाही. म्हणून एक दिवस ती जळकी टोपी घेऊन आम्ही दोघी बसलो आणि तिची चौकशी केली.

भोकाच्या कडेला काळा, काचेसारखा टणक मणी झाला होता. कापड जळलं नव्हतं, वितळलं होतं. आता हे आपल्याला नवीन आहे का? नायलॉनची साडी नेसून स्टोव्हपाशी जाऊ नकोस, हे आपल्या आयांनी आपल्याला किती वेळा बजावलं! तोच नियम. ज्याला आपण ठिणगी म्हणतो तो खरं म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. लोखंड वितळतं सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला. पॉलिस्टर वितळायला २६० अंशांच्या आसपास पुरतात, नायलॉनला त्याहूनही कमी. म्हणजे थेंब पडला की कापडाचाच डिंक होतो आणि तो कातडीला चिकटतो. सुताचं तसं नाही. सूत वितळत नाही. ते तांबूस होतं, मग करपतं, आणि थेंब तिथेच बसून राहिला तर पेटतंही. पण थेंब लहान असतो, लवकर निवतो. गुळगुळीत सुती कापडावरून तो घरंगळून गेला तर डागावर भागतं.

तेव्हा टोपीची सगळी अक्कल दोन गोष्टींत आहे : तिने वितळता कामा नये, आणि ठिणगीला बसायला तिच्यावर जागा असता कामा नये.

कापडापासून सुरुवात करू. बाहेरून जीन किंवा ड्रिलचं घट्ट विणीचं कापड, आतून मांजरपाट. यजमानांची जुनी जीन पँट चालेल का? चालेल, पण ओढून बघा. हल्लीच्या बऱ्याच पँटी रबरासारख्या ताणल्या जातात, त्यांत लवचिक धागा असतो. ती नको. लव असलेलं फ्लॅनेलसारखं कापडही नको, लव भुरकन पेटते. लोकर खरं तर सुतापेक्षाही आगीला कमी दाद देते. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात घोंगडीची टोपी घालायला कोणाला सांगायचं! रंग शक्यतो गडद घ्या, कारण फिका रंग त्या लखलखाटाला परावर्तित करतो. अमेरिकेतले वेल्डर हौसेने फुलाफुलांच्या छापील सुती टोप्या घालतात, आपल्या परकराच्या कापडासारख्या. हौस असली तर तसंही करा. यजमान घालतील का, हा प्रश्न वेगळा.

दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला की विश्वास ठेवू नका. घरी आल्यावर कापडाचे चार धागे उभे आणि चार आडवे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडीने पेटवा. कागद जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख राहिली तर सूत. धागा आक्रसून टोकाला टणक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, मग तो मणी कितीही बारीक असो. उभे-आडवे दोन्ही का, तर कित्येकदा ताण्यात सूत आणि बाण्यात भलतंच असतं.

आणि हीच परीक्षा रिळाची करा. इथे आपण सगळ्याजणी फसतो. कापड चांगलं आणतो आणि शिवतो घरातल्या पॉलिस्टरच्या रिळाने. मग ठिणगी शिवणीवर पडली की दोरा वितळून शिवण उसवते आणि दोन कळ्यांच्या मधून डोकं उघडं पडतं. सुती रीळ मागून घ्या. मिळत नाही म्हणतील. दोन दुकानं फिरा.

३६ इंच पन्ह्याचं पाऊण मीटर कापड आणलं तर आतल्या-बाहेरच्या मिळून सगळ्या कळ्या त्यात निघतात; आत मांजरपाट लावायचा तर दोन्हींचं प्रत्येकी अर्धा मीटर पुरे. बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. सूत आटतं, आणि पहिल्या धुण्यात आटलेली टोपी डोक्यावर चढत नाही. शिवाय खळही निघून जाते.

माप घ्यायचं ते कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या जरा वरून. वहिनींच्या यजमानांचं डोकं साडेएकवीस इंच भरलं. त्यात एक इंच ढिलाई धरली, साडेबावीस झाले. सहा कळ्यांत वाटले की एक कळी तळाला पावणेचार इंच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीला, म्हणजे कापायची पावणेपाच. उंची तयार सात इंच, वर-खाली अर्धा-अर्धा इंच धरून कापायची आठ. आधी जुन्या वर्तमानपत्रावर तयार मापाची कळी काढा : तळापासून दोन इंच सरळ उभी जाऊ द्या, मग आत वळवत न्या. तळापासून सव्वाचार इंचांवर तिची रुंदी पावणेतीनच्या आसपास भरली पाहिजे, आणि सात इंचांवर टोक. बाजू फुगीर हवी. सरळ रेषेत टोकाला नेली तर विदूषकाची टोपी होते. माझी पहिली तशीच झाली होती, घरात सगळे हसले. कळीभोवती अर्धा इंच सोडून बाहेरच्या कापडाच्या सहा आणि मांजरपाटाच्या सहा कापा.

शिवताना तीन-तीन कळ्या जोडून दोन अर्धी डोकी करा आणि मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकच शिवण टाका. सहा टोकं एका ठिकाणी येतात तिथे बारीक भोक राहतं. ते हाताने, सुती दोऱ्याने चार-पाच टाके घालून बंद करा. तिथे शोभेचं बटण लावायचा मोह होतो. नको, बटणाच्या आत प्लास्टिक असतं, नाहीतर पत्रा, आणि तो तापतो. जाड कापडाला सुई सोळा किंवा अठरा नंबरची घाला, नाहीतर मशीन टाके सोडेल.

अशीच आतली टोपी शिवा. आता एकीत एक बसवायची, दोन्हींच्या शिवणीच्या कडा एकमेकींकडे तोंड करून. म्हणजे सुटे धागे आत बंद होतात. उघडा धागा म्हणजे वात, हे समई लावणारीला सांगायला नको. बसवताना आतली टोपी अर्धी कळी फिरवून घ्या. आतली शिवण बाहेरच्या शिवणीखाली यायला नको. जिथे बाहेर शिवण तिथे आत अख्खं कापड यावं.

पुढची चोच कापायची साडेसात इंच लांब नि तीन इंच रुंद, बाहेरची कड गोल. दोन तुकडे बाहेरच्या कापडाचे आणि मध्ये मांजरपाटाचा एक. गोल कडेने उलट्या बाजूवरून शिवून उलटवा आणि पाव-पाव इंचावर ओळीने टीप मारा, गोधडीसारखी. तेवढ्यानेच ती ताठ राहते. बक्रम घालू नका, त्यावर बहुधा चिकटवायचं रसायन असतं. जुन्या टोपीतलं प्लास्टिक तर मुळीच नको. मग दोन्ही टोप्यांच्या तळाच्या कडा अर्धा इंच आत दुमडून, मध्ये चोच सरकवून, कडेने दोनदा टीप मारा.

तळाला बाहेरून पट्टी दुमडू नये. आपल्याकडच्या गांधी टोपीला असते तशी दुमड दिसायला छान, पण ठिणगीला ती पन्हाळच. रबरी इलॅस्टिक नको, चिकटपट्टी नको, लोंबणारी नाडीही नको. सैल झाली तर एक शिवण उसवून आत घ्या.

घालताना चोच मागे फिरवली की मानेवर येते. बाजूला जोडायचं असेल तेव्हा त्या बाजूच्या कानावर ओढायची. कानात पडलेला थेंब पडदा जाळू शकतो. मात्र डोक्यावरचं जोडकाम करताना ही टोपी पुरत नाही, तिथे मान-खांदे झाकणारं चामड्याचंच हवं. आणि काळ्या काचेचं काम तर कुठलंच कापड करू शकत नाही. वेल्डरांच्या कपड्यांसाठी आयएसओ ११६११ असं एक मानक आहे. आपली घरची टोपी त्यात बसत नाही, तसा दावाही करू नये. मालकाकडे हातमोजे आणि मुखवटा मागायचा तो मागायचाच. टोपी शिवून दिली म्हणून ते मागणं सुटत नाही.

धुणं आपल्याकडे असतं म्हणून सांगते. केसांना खोबरेल लावून टोपी घातली की आतलं कापड तेल पितं, वरून दुकानातलं ग्रीस. तेलकट सूत भडकन पेटतं. दोन टोप्या करा आणि तिसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबणाने धुवाच. ब्लीच घालू नका, सूत कमजोर होतं. घरची माणसं गॅस कटिंग करत असतील तर आणखी एक बजावा : ऑक्सिजनच्या नळीने अंगावरची धूळ उडवायची नाही. गार वारा लागतो म्हणून पोरं हौसेने करतात. तो वायू कपड्यात मुरतो आणि मग एवढीशी ठिणगीही पुरते.

भाजलंच, तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. चिकटलेलं कापड ओढायचं नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. टूथपेस्ट, शाई काही लावायचं नाही. हे वहिनींनीच मला मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

त्यांच्या यजमानांनी पहिले चार दिवस टोपी डब्याच्या पिशवीतच ठेवली. दुकानातली पोरं हसतील म्हणे. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त जुनी टोपी बंबात घातली. महिनाभराने त्या नवी टोपी माझ्याकडे घेऊन आल्या आणि उजेडात धरून दाखवली. बाहेरच्या कापडाला तीन बारीक भोकं, एक अगदी टाळूवर. आतला मांजरपाट शाबूत होता, नुसता पिवळसर डाग. त्या बराच वेळ त्या डागावर बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "दुकानातल्या दोघांना हव्यात, ताई. मापं कशी घ्यायची?"

तुमच्याही घरची टोपी दर आठवड्याला अशी उजेडात धरा. बाहेरच्या कापडाची भोकं त्याच कापडाच्या तुकड्याने, सुती दोऱ्याने रफू करता येतात. आतल्या कापडातून उजेड दिसला तर ती टोपी फडक्यांत टाका आणि दुसरी बेता.