आधी पाण्याचा हिशेब, मग पेरणी

अहिल्यानगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. नवल वाटते ते दर वेळच्या धावपळीचे. २०१२-१३ साली गुरे छावणीत बांधावी लागली, २०१८-१९ सालीही तेच झाले. छावण्यांनी जनावरे जगविली, हे खरे. परंतु पीक करपल्यावर पाहणी, मग टँकर, मग चारा, हा क्रमच मुळी उलटा आहे.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तो सुलटा केला. पावसाळा सरताच पडलेल्या पावसाचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे येतो. माणसांचे व गुरांचे पाणी आधी राखून ठेवतात आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास मनाई आहे, ऊस लावण्यासही आहे.

उसाने जिल्ह्यास वैभव दिले. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले, त्याचे ऋण कोण नाकारील? तथापि भंडारदऱ्याच्या पाटाखालील शेताचा कित्ता पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू रानाने गिरविला, तर शाळू जातो आणि त्याबरोबर कडबाही. कडबा गेला की छावणी आलीच! हा ताळेबंद प्रत्येक ग्रामसभेपुढे रब्बीच्या पेरणीपूर्वी यावा, अशी व्यवस्था जिल्हा परिषदेने विनाविलंब करावी.